कॅलेंडरची मागची बाजू

माझ्या एका लेखाचा हवाला कुठले कुठले डॉक्टर देतात. हे सांगताना पूर्वी मान ताठ व्हायची, आता मान खाली जाते. अपस्माराच्या संशोधनात मी उभी हयात घालवली. बाकीच्या लेखांना कुणी विचारलं नाही, हा एकच चालला. त्यातलं म्हणणं साधं होतं: झटके थांबून पुरेसा काळ गेला की गोळी हळूहळू कमी करत बंद केली तरी चालते. आज आणखी किती जणांनी हवाला दिला, तो आकडा मी सकाळी चहा गाळायच्या आधी बघायचे. एकाने वाढला की दिवस चांगला. घरचे चिडवायचे, मीही हसायचे.

लेखाचा पुरावा म्हणजे घरोघरची कॅलेंडरं. दूधवाल्याचा खाडा, सिलिंडरची तारीख, सगळं आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. मी म्हटलं, वेगळी वही कशाला? फीट आली की त्या तारखेभोवती लाल गोल करा. महिनाअखेरीस आमची माणसं घरी जाऊन त्या पानाचा फोटो काढायची. या युक्तीचं फार कौतुक झालं. सर्वांत जास्त मीच केलं.

या हिवाळ्यात नागपुरातच त्या लेखावर माझं भाषण होतं. पडद्यावर फोटो दाखवण्यापेक्षा खरं कॅलेंडर हातात धरून बोलावं, अशी मला हौस आली. काटोलच्या एका आईला फोन केला. तिची मुलगी माझी लाडकी पेशंट. गोळी कमी केल्यावरही तिची पानं कोरी करकरीत होती. आता ती लग्न होऊन नागपूरला लागून असलेल्या वाडीला राहते आणि तिथल्याच एका गोदामात मालाच्या पावत्या लिहिते. तीन महिन्यांपूर्वी मी तिची गोळी पूर्ण बंद केली होती.

आई बसने आली. हातात संत्र्यांची पिशवी, काखेत जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी. एक मी टेबलावर पसरलं. कडा सारख्या वर येत होत्या म्हणून पान उलटून दाबलं. मागच्या बाजूला राशिभविष्य आणि पाककृती छापलेल्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत बारीक निळ्या अक्षरात तारखा. तीन, अकरा, एकोणीस.

"हे काय?"

"फीटच्या तारखा ना बाई."

"समोर गोल का नाही केले?"

"पोरीले पाहाले पाव्हणे येत होते. भितीवर लाल गोल दिसले असते तं त्यायनं इचारलंच असतं, हे काय होय म्हून. मंग मी मागं लिवू लागली. तुमची माणसं समोरूनच फोटू काढून राहिली होती. मले वाटलं, पान पलटवून पाहत असतीन."

"पण मी दरवेळी विचारायचे, सगळं लिहिता ना म्हणून!"

"मंग लिवलंच तं होतं."

ती खोटं बोलली नव्हती. मीच पान उलटलं नव्हतं. पहिली भीती, खरं सांगते, माझ्या नावाची होती. मग दुसरी आली. आणखी किती घरांत लग्नाच्या मुली होत्या? माझ्या भरवशावर कुठे कुठे गोळ्या बंद होत असतील? आणि मग स्कूटी आठवली. ही मुलगी रोज अमरावती रोडवर ट्रकांच्या गर्दीतून स्कूटीवर कामाला जाते. चालव म्हणून मीच सांगितलेलं.

लगेच तिला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आई समोर निवांत संत्रं सोलत होती, तिला काही कळलं नव्हतं. पाचव्यांदा लावणार तेवढ्यात मुलीचाच आला.

"गाडीवर होती, म्याडम. काहून एवढे फोन केले?"

"गोळी बंद केल्यावर फीट आली का तुला? खरं सांग."

पलीकडून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मग ती हळूच म्हणाली, "दोनदा. घरीच आली. आमच्या यायले माहीत नाई."

"अगं, मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तुमी तं साऱ्या डॉक्टरायले माह्यं सांगता, बिनागोळीची बरी झाली म्हून. तुमचं नाव खराब झालं असतं ना."

मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. लेख मागे घेण्याचं पत्र मी त्याच आठवड्यात पाठवलं, पण त्या दुपारी लेख डोक्यातही नव्हता. "गाडी कडेला लाव, चावी काढ आणि रस्त्यापासून लांब खाली बस," मी म्हटलं. "मी येते. फोन ठेवू नकोस, बोलत राहा."

ड्रायव्हरला गाडी वाडीकडे घ्यायला सांगितलं. शेजारी आई, हातात अर्धं सोललेलं संत्रं. मुलगी काय वाट्टेल ते सांगत होती, दुपारच्या डब्याचं, शेठच्या चिडचिडीचं. ती बोलते आहे म्हणजे शुद्धीवर आहे, तेवढंच मला कळत होतं. वाटेत दोनदा ती गप्प झाली, आणि दोन्ही वेळा मी तिचं नाव घेऊन ओरडले.