खुनी डॉक्टरच होता

कमलवहिनी गेल्याचं मला मंदाने दारात उभं राहून सांगितलं. कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती. "वहिनी गेल्या. झोपेतच," एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली. मी हातात चहाची गाळणी घेऊन तशीच उभी... रडूसुद्धा येईना. आधी लाज वाटली. आजही वहिनींचं नाव निघालं की आधी तीच वाटते.

सुरतेच्या नवागामात आमच्या तिघींच्या खोल्या एकाच गॅलरीत. वहिनी अमळनेरकडच्या, मी शिरपूरची, मंदा पारोळ्याची. शेठचा माणूस साड्यांचं पोटलं टाकून गेला, की दुपारभर आम्ही गॅलरीत बसून साड्यांना खडे चिकटवायचो. वहिनींना रहस्यकथांचं भारी वेड. पण बोटांना गोंद, पुस्तकाची पानं कोण उलटणार? म्हणून आमचं ठरलेलंच होतं, वहिनींनी मोठ्याने वाचायचं आणि त्यांच्या वाट्याच्या साड्या आम्ही दोघींनी करायच्या. खुनाचा प्रसंग आला की माझे खडे हमखास वाकडे लागत. "माय वं! खून तिकडे बंगल्यात झालाय, तू साडीचा जीव नको घेऊ," वहिनी म्हणायच्या. एका कादंबरीत बड्या व्यापाऱ्याचा खून होतो. शेवटी खुनी निघाला त्याचा डॉक्टर, सुईतून विष देणारा. "मेल्याचा मला पहिल्यापासून संशय होता!" असं म्हणून मंदा कितीतरी वेळ हसत होती. ती तशी फार हसायची नाही.

यंदा त्याच कादंबरीवरचा पिक्चर आला. माझ्या मुलाने टीव्हीवर लावून दिला, आम्ही तिघी काम घेऊनच बसलो. बंगल्याचं हॉटेल केलेलं, इन्स्पेक्टर मधेच गाणं म्हणतो... तेही मी सोसलं. पण शेवटी खुनी कोण, तर व्यापाऱ्याची बायको! दुधाच्या पेल्यात विष घालते. मी उसळलेच. "मेल्यांनी पुस्तकाची पार वाट लावली! डॉक्टर होता ना ओ वहिनी?" वहिनी म्हणाल्या, "पिक्चरवाले बदलतातच. जाऊ दे ना माय." मंदा खाली मान घालून खडे लावत होती. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

आणि जाऊ देईन तर मी कसली! दुसऱ्या दिवशी वाचनालयातून पुस्तक आणलं, दोघींसमोर शेवटचं प्रकरण उघडलं आणि पिक्चरवाल्यांचं खोटं पकडायला म्हणून खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. दुधाचा पेला. बायको. अगदी पिक्चरसारखंच... तिथे तरी गप्प बसावं की नाही? "वहिनी, आम्हाला चांगलंच येडं बनवलंत! डॉक्टर कुठून काढलात?"

वहिनी माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या मंदाकडे बघत होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मंदाचा नवरा तापात गेला, तेव्हा 'हिनेच दुधातून काहीतरी घातलं' असं सासरच्यांनी गावभर केलं होतं. त्या बोलण्यापायीच ती भावाकडे सुरतेला आली होती. हे तिने आम्हा दोघींनाच सांगितलं होतं, एकदाच. वहिनींनी ते ध्यानात ठेवलं आणि वाचता वाचता खुनीच बदलून टाकला. मी विसरले. मंदाने अर्धी साडी खाली ठेवली आणि ती आत गेली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "जिंकलीस गं. झालं समाधान?" त्यानंतर त्यांनी कधी वाचलं नाही. आणि मग त्या गेल्याच. माफी मागायची ती उद्या मागू, परवा मागू, असं करत मी बसले होते.

दहावं झाल्यावर एका दुपारी मी गॅलरीत एकटीच बसले होते. वहिनींच्या वाट्याच्या साड्या कोपऱ्यात तशाच पडलेल्या. मंदा आली, ती थप्पी तिने स्वतःच्या पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "वाच."

"मंदा, माझं फार चुकलं गं..."

"वाच म्हटलं ना."

ते पुस्तक अजून माझ्याकडेच होतं. लाजेपायी परत करायलाही गेले नव्हते. पहिल्या पानापासून सुरुवात केली. वहिनींसारखं मला जमत नाही, मी अडखळते. रोज दुपारी थोडं थोडं वाचत काल शेवटचं प्रकरण आलं. दुधाचा पेला माझ्या डोळ्यांसमोर छापलेला. मंदाची बोटं थांबली. मी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग पुस्तकात पाहिलं आणि वाचलं, "खून डॉक्टरने केला होता."

मंदाने पुढचा खडा उचलला, गोंदात बुडवला.

"मेल्याचा मला पहिल्यापासून संशय होता," ती म्हणाली.