बारकू कासाराची नळी

आमच्या कासार आंबोलीचा बारकू कासार तोंडाचा फटकळ. आधी तो गावोगाव बायकांना बांगड्या भरायचा, पुढं पुण्याच्या एका इस्पितळात अवजारं दुरुस्त करायला लागला. पोटात डोकवायची दुर्बीण तेव्हा ताठ होती. ती घशात घालताना माणसं तडफडायची आणि बारकूचं टाळकं फिरायचं. "घट्ट बांगडी तरी कुणी अशी कोंबतं व्हय?"

मग त्यानं बांगडीला बांगडी भिडावी तशी बारीक तारेची वेटोळी केली, वर पातळ रबर चढवलं. आधी ही मऊ नळी घशात, मग तिच्यातून दुर्बीण, म्हणजे ताठ नळा घशाला घासायचा नाही. डॉक्टरांनाही ते पटलं.

त्रेसष्ट साली त्याच्या बायकोला, कृष्णाबाईला, घास उतरेना. तिचा हात धरून बारकू बांगड्या भरतानाच्या सवयीनं म्हणाला, "सैल सोड." नळी अलगद उतरली. तिच्या वाळलेल्या हातातली बांगडी मात्र कोपरापर्यंत घसरली.

डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "गाठ आहे, बारकू. फार पसरलीय. आता काही करता येणार नाही."

तो परत आला तेव्हा कृष्णाबाईनं घोगऱ्या आवाजात विचारलं, "अवं, तुमची नळी नीट गेली न्हवं?"

"व्हय. लई नीट गेली," बारकू म्हणाला आणि तिची बांगडी मनगटाशी धरून बसला.