कट्टी आणि जामची बिस्किटं

बायको बँकेच्या दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला नागपूरला गेली, ती पहाटे. साडेचार वर्षांची लेक गाढ झोपेत होती. "उठवू नकोस, उगाच रडारड होईल," हा शहाणपणा माझा.

पोर उठली, दोन्ही खोल्या बघून आली, बाथरूमचं दार वाजवलं आणि तिथेच दाराशी बसून राहिली. त्या दिवसापासून तिची मम्मीशी कट्टी. संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला की ही पलंगाखाली. तिकडे बायकोचं तोंड एवढंसं व्हायचं आणि मी "बोलेल गं" म्हणत राहायचो. खरं तर मला स्वतःचीच चीड यायची.

दहाव्या दिवशी रविवार होता. म्हटलं, जामची बिस्किटं करूया. स्वतः केलेलं मम्मीला दाखवायला तरी ही बाहेर येईल. मला स्वयंपाकातलं चहा आणि ऑम्लेट सोडून काही येत नाही, पण आम्ही बावड्याची माणसं, येत नाही असं म्हणायची आम्हाला सवय नाही.

आठ वर्षांचा मुलगा मोबाईलवरून कृती वाचत होता. मी मैदा, पिठीसाखर आणि तूप मळलं. लेक ट्रेमधल्या गोळ्यांत अंगठा दाबून खड्डे करत होती, इतक्या जोरात की दोनतीन गोळ्यांना तळच उरला नाही. जाम भरायचं कामही तिचंच. चार खड्डे भरले की एक चमचा तोंडात.

आमच्याकडे ओव्हन नाही. दिवाळीला सगळी गल्ली आपापलं पीठ-तूप-साखर कोपऱ्यावरच्या बेकरीत देऊन बिस्किटं भाजून आणते. आम्ही दिवाळी नसतानाच ट्रे घेऊन निघालो. भट्टीवाल्याने ट्रेकडे बघितलं.

"पावणं, आधी जाम काढा. आमची भट्टी लई कडक हाय. बिस्किट भाजल्यावर घालायचा असतोय त्यो."

"पप्पा, काढूया की," मुलगा म्हणाला.

"तुम्ही घाला हो आत," मी म्हणालो. "जबाबदारी माझी."

"घालतो. पन मागनं मला बोलायचं न्हाय."

दहा मिनिटांत जाम उकळून ट्रेभर पसरला आणि काळा पडला. बिस्किटं एकमेकांना अशी चिकटली की कुठलं कुठं संपतं ते कळेना. भट्टीवाल्याने नुसता खरवडायला कालथा पुढे केला. पाव घ्यायला आलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझे कान गरम झाले. पोरांनी मात्र खरवडलेले तुकडे तिथेच चघळायला सुरुवात केली.

घरी येताना मी दोघांना चॉकलेट कबूल केलं. मम्मीला सांगायचं, भट्टीवाल्याने करपवली. मुलगा लगेच तयार झाला. लेक बोटांना चिकटलेला जाम चाटत राहिली.

संध्याकाळी फोन वाजला आणि ती नेहमीसारखी पलंगाखाली गेली. माझा बेत फसला होता. मी त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या बिस्किटाची बरी बाजू कॅमेऱ्यापुढे धरली. "भट्टीवाल्याने जरा जास्तच..."

"खोटं!" खालून आवाज आला.

केसांत कोळ्याची जाळी, हातात अर्धं बिस्किट अशी ती बाहेर आली आणि माझ्या हातातला फोन हिसकावला. "मम्मी, पप्पानंच करपवली! काका म्हनला जाम काढा, दादा बी म्हनला, पप्पानं ऐकलंच न्हाय! आनि चॉकलेट देतो म्हनला खोटं सांगायला!"

माझी पार अब्रू गेली आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. दहा दिवसांनी पोर आईशी बोलत होती, मग माझी चहाडी का असेना. तिने गोळ्यांपासून कालथ्यापर्यंत सगळं सांगितलं, हसणाऱ्या बायकांसकट. बायको हसत होती, डोळे पुसत होती.

"पुढच्या शनिवारी मी दोन दिवस येते," ती म्हणाली. "तेव्हा आपण दोघी करू. चालंल?"

"चालंल." लेकीने फोन तोंडाजवळ धरला. "पन परत जाताना मला उठवायचं."

"अगं, तू रडशील ना मग."

"रडीन की. पन उठवायचं."