गोळीचं वजन

आमचे हे सोनार. नुसते सोनार नाहीत, वजनाचे वेडे. घरात भाजी आली की पिशवी आधी यांच्या हातात. नुसत्या हाताने तोलून सांगणार, "कमी आहे, फसलीस." आणि खरंच कमी असते, हा आणखी ताप. दुकानात काचेच्या पेटीत यांचा तो नाजूक काटा. जवळ कोणी शिंकलं तरी आकडा हलतो, म्हणून मला सर्दी झाली की दुकानात पाय ठेवायची बंदी. त्या काट्याला जपलं तेवढं मला जपलं असतं, तर आज माझे गुडघे असे कुरकुरले नसते.

तर या माणसाच्या छातीतले ठोके बिनसले. मध्येच धावायचे, मध्येच अडखळायचे. मग डॉक्टरांनी मांडीतून नळी आत घालून हृदयातली जी जागा खोड्या करत होती ती जाळली. घरी आल्यावर हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "काही नाही हो, झाळकाम! दागिन्याला डाग देऊन सांधा आम्ही बाहेरून करतो, त्यांनी आतून केलं." वर शेरा, "हात बरा आहे डॉक्टरचा." जसा काही तो यांच्याकडेच उमेदवारी करून गेला होता!

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या. ठोके ताळ्यावर ठेवायला एक, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसरी. "जाळलेली जागा भरून यायला वेळ लागतो," त्यांनी बजावलं होतं. "तोवर दोन्ही चालू ठेवायच्या. पुढे तपासून मी कमी-जास्त करीन." मी करीन, असं म्हणाले होते. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

त्या ठोक्यांच्या गोळीने हे मरगळले. एक खडा बसवायला अख्खी सकाळ. चिमटा हातात धरून नुसते बघत बसायचे. मी म्हणायची, आजारपणाचा थकवा आहे, जाईल. एक दिवस एक गिऱ्हाईक अंगठीसाठी ताटकळलं आणि सहज बोलून गेलं, "काका, आता मुलाला बसवा की गादीवर." मुलगा आम्हाला नाही. त्या दिवशी हे अर्ध्या जेवणावरून उठले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?"

"छे छे! एकदम फर्स्टक्लास."

मी कोपराने ढोसलं. ढिम्म. बाहेर आल्यावर मी फैलावर घेतलं, तर म्हणतात कसे, "अगं, बिचाऱ्याने एवढी मेहनत घेतली. तोंडावर कशाला सांगायचं त्याला, की बरं वाटत नाही म्हणून? वाईट वाटेल." आता बोला! घरी आमटीत मीठ कमी पडलं तर माझ्या माहेरापर्यंत उद्धार करणारा माणूस हा.

थोड्याच दिवसांत यांना तरतरी आली. कामं भराभर उरकायला लागले, शीळ काय घालतात, गिऱ्हाइकांशी थट्टा काय करतात. मी मनातल्या मनात, रोज पाजत होते त्या माझ्या सूपला श्रेय देऊन मोकळी झाले. गोळ्या वेळेवर घेता ना, असं विचारलं की म्हणायचे, "दुकानातच घेतो, अगदी मापात." मला वाटलं, शहाणा झाला माणूस.

आणि मग एका सकाळी धडधड परत आली. चहाचा कप खाली ठेवून छातीवर हात दाबून बसले. मी तडक डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्रावर ठोक्यांचा आलेख काढला, तो उलटसुलट बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गोळीचा उपयोग होत नाहीये. डोस दुप्पट करू. नाहीच जमलं तर पुन्हा नळी घालावी लागेल."

मी देवाचा धावा सुरू केला. आणि हे हसले! कोणी खोटा दागिना खरा म्हणून विकायला आणला की हसतात तसं. खिशातून एक लहानशी डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आत पांढरी भुकटी.

"डॉक्टर, राग मानू नका. तुमची काही चूक नाही. कंपनी चोर आहे."

"म्हणजे?"

"पाकिटावर छापलंय पंचवीस मिलिग्रॅम. मी काट्यावर ठेवली. किती भरावी? सव्वाशे! पाचपट, साहेब! माणूस मरगळेल नाही तर काय होईल? मग मी रोज कानशीने घासून बरोबर पंचवीसवर आणायला लागलो. हा त्याचा कीस. सोनार कीस टाकत नाही."

डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. "आणि दुसरी?"

"ती तर पाच मिलिग्रॅमचीच. घासून मोहरीएवढी उरते. फार नाजूक काम, पण केलं." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही राजाचा मुकुट घडवलाय.

मला राहवलं नाही. "अहो, तुमच्या अंगठीत सगळं सोनंच असतं का? तांबं कोण घालतं, मी? आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलात की भर घातल्याशिवाय सोन्याला बळ येत नाही, आणि गोळी दिसली की अक्कल गहाण!"

"बरोबर बोलल्या त्या," डॉक्टर म्हणाले. "पंचवीस म्हणजे आतलं औषध. बाकीची भर, गोळी धरता यावी म्हणून घातलेली. तुम्ही औषधाचा फक्त पाचवा हिस्सा घेत होता. दुसरीचं तर विचारूच नका."

हे डबीकडे बघत राहिले. चेहरा पार उतरला. "म्हणजे मी कस बघितलाच नाही," हळूच म्हणाले. "नुसतं वजन केलं."

"पण घासायची वेळच का आली?" डॉक्टरांनी विचारलं.

यांनी डबीचं झाकण लावलं. मग खाली मान घालून म्हणाले, "हात मंद झाला होता, साहेब. खडा बसेना. माझ्या मागे गादीवर बसायला कोणी नाही. हात गेला की दुकान गेलं."

हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी थकवा थकवा म्हणत सूप पाजत बसले. माझा राग कुठच्या कुठे गेला.

"हे त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी डोस कमी केला असता, गोळी बदलली असती," डॉक्टर म्हणाले. "त्यासाठीच तर बोलावतो मी." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "रक्ताची गोळी पुरी घेतली नाही, तर हृदयात गुठळी होते. ती मेंदूत गेली की हात-पाय लुळे पडतात. हाताला काही जाणवतं? मुंग्या, जडपणा?"

"छे! काही नाही."

"अहो, कालपासून दोनदा हातातून चिमटा सुटला," मी म्हटलं. "दुकानाची किल्लीही पडली."

"ती किल्लीच गुळगुळीत झालीय. तू गप्प बस."

डॉक्टर हसले नाहीत. "दोन्ही हात समोर सरळ धरा. तळवे वर. आता डोळे मिटा."

यांनी ऐटीत हात पुढे केले, डोळे मिटले. डावा होता तिथेच राहिला. उजव्याचा तळवा हळूहळू आत वळला आणि हात खाली यायला लागला. कोपर वाकलं, बोटं टेबलाच्या कडेपर्यंत आली. यांच्या तोंडावर मात्र तीच ऐट.

"बघा, दोन्ही एका रेषेत आहेत की नाही? साहेब, पैज लावतो, हाताला काहीसुद्धा झालेलं नाही. सांग गं त्यांना."

डॉक्टरांनी फोन उचलला होता आणि ते कोणाला तरी घाईघाईने खाट तयार ठेवायला सांगत होते. मी यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत धरला.

"अहो," मी म्हटलं, "डोळे उघडा."