बेंबळीचं पाणी

मंगळवारी सकाळी विरूपाक्ष सर गेले. नळदुर्गच्या आमच्या शाळेत थ्रीडी प्रिंटरवर नकाशातला बेंबळी गावाचा तुकडा तेव्हा अर्धा छापून झाला होता. रात्री लाईट गेली आणि यंत्र मध्येच थांबलं, हे आम्हाला नंतर कळलं. आदल्या संध्याकाळी यंत्र सुरू करून ते वाचनालयात डोकावले होते. "बाई, उद्या बेंबळी तयार. तांब्या भरून ठेवा." मी ग्रंथपाल, तांब्या माझ्याच टेबलावर असायचा. मी हो म्हणाले.

सर भूगोल शिकवायचे. गेल्या वर्षी नववीतल्या सानियानं त्यांना विचारलं होतं, "सर, आमच्या बेंबळीचं पाणी कुठं जातं?" ती बेंबळीची, शिकायला इथं मामूकडं राहते. सर म्हणाले, "मला ठाऊक न्हाय. करून बघू." इतकी वर्षं शिकवून असं वर्गात सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही... पुढचे काही महिने ते माझ्याकडचे जाडजूड नकाशासंग्रह चाळत बसले, मग संगणकावर उंचीचे आकडे जमवू लागले. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, बाजारात तयार नकाशा मिळतो की. कशाला एवढा खटाटोप?" सर हसून म्हणाले, "मिळतो की. पर त्यात आपण न्हाय."

यंत्र लहान, म्हणून परिसराचा उठावाचा नकाशा तुकड्या-तुकड्यांनी छापायचा ठरला. प्लास्टिकची तार वितळून थरावर थर चढायचा आणि पोरं डब्यातली भाकरी हातात धरून बघत राहायची. पहिला तुकडा नळदुर्गचा. त्यात उंच-सखल उलटंच झालं. डोंगराच्या जागी खड्डे, आणि नदी भिंतीसारखी उभी. "सर, बोरी डोंगरावर चढली की हो!" वर्ग हसून लोळला. "चढली खरी," सर म्हणाले. "आता खाली कशी आणायची, सांगा." तो सबंध तास त्यातच गेला, आणि उंची म्हणजे काय हे त्या दिवशी पोरांना जेवढं कळलं तेवढं फळ्यावर कधी कळलं नव्हतं. खऱ्या मापानं बालाघाटचा डोंगर बोटालाही लागला नसता, म्हणून त्यांनी उंची वाढवली. तसं कडेला ठळक लिहायलाही लावलं. "न्हाय तर पोरं हिमालय समजतील."

एकेक तुकडा बसत गेला, आणि दर वेळी सर त्यावर तांब्यानं पाणी ओतून ते कुठं वाहतं ते दाखवायचे. बेंबळीचा राहिला, कारण तिथले आकडे त्यांना पटेनात. दोनदा मोटारसायकलवरून जाऊन ओढे बघून आले. सानिया आता दहावीत. "परीक्षेच्या आत होईल ना, सर?" ती सारखी विचारायची. "तू पास हो, मी छापतो," हे उत्तर ठरलेलं.

ते गेल्यावर कोणी म्हणालं, नकाशातली बेंबळीची जागा त्यांच्या आठवणीसाठी रिकामीच ठेवू. सरांना हे आवडलं नसतं. रिकाम्या जागेतून पाणी टेबलावर गळायचं आणि ते चिडायचे. विज्ञानाच्या बाईंनी संगणकातून त्यांचीच आकृती काढून तुकडा पहिल्यापासून छापला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सानियानं बेंबळीवर तांब्या ओतला. पाणी जरा थबकलं, मग तेरणेकडं निघालं... तिकडून मांजरा, पुढं गोदावरी. नळदुर्गचं मात्र बोरीतून भीमेला.

"तुमच्या बोरीत न्हाय येत आमचं," ती म्हणाली आणि दुपट्ट्यानं टेबल पुसलं.

नकाशा वर्गात आहे. तांब्याही आता तिथंच असतो. माझ्या टेबलावर अर्धा छापलेला तुकडा आहे. वरचे थर चढलेच नाहीत, त्यामुळं त्याची आतली पोकळ जाळी दिसते.