फोटोसाठी पांढरे केलेले दात

आमच्या सोप्यात भिंतीवर एक फोटो आहे. तो उतरवून चुलीत घालावा असं मला कित्येकदा वाटलं. अजून घातला नाही, याचाही मला रागच येतो.

लढाई संपून मालक पलटणीतून परतले तेव्हा माझे दात काळे होते. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. कोरेगावच्या आमच्या बाजूला तेव्हा कुठल्या बाईचे नव्हते? तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटानं दातांवर फिरवायची. मिसरीची डबी मला सासूबाईंनीच दिली होती. हे लढाईवर असताना चार वर्षं मी उसाला पाणी पाजलं, जनावरं सांभाळली, त्यांच्या आईचं दुखणं काढलं, ते त्या चिमूटभर मिसरीवर. आणि नवरा घरी येऊन पहिलं काय म्हणाला?

"अगं, काय हे त्वांड! तव्याच्या बुडागत दिसतंय."

स्वतःच्या दातांचं मात्र कोण कौतुक! पलटणीतल्या डॉक्टरनं हत्यारानं खरवडून त्यांच्या दातांवरचं कीटण काढलं होतं. अंगणात बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "लय रगात आलं. दोन दीस भाकरी चावंना. पर हिरड्या बघ कशा घट्ट झाल्या. दात पिवळंच हायती. डाक्तर म्हनला, रंगाला काय करायचंय गड्या, घान निघाली म्हंजी झालं."

हे मी दहादा तरी ऐकलं असेल. म्हणून मुद्दाम सांगते, या माणसाला सगळं ठाऊक होतं.

पुढं जिवंत परतलेल्या चौघा दोस्तांनी सांगलीत बायकांसह फोटो काढायचं ठरवलं. बाकी तिघांच्या बायका पांढऱ्याशुभ्र दातांच्या असणार, हे मालकांनी मनानंच धरलं. माझ्यामुळं त्यांची मान खाली जाणार होती म्हणे!

फोटोच्या आदल्या दिवशी ते मला सांगलीतल्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. माझ्या भाकरीला कितीतरी महिने रक्त लागत होतं, त्यामुळं मी खुशीनं गेले. डॉक्टरांनी आरशानं तोंड तपासलं.

"कीटण हिरडीच्या खाली उतरलंय. तीन खेपा खरवडावं लागेल. काळं बरंचसं जाईल आणि दात टिकतील, बाई. पण मुळात पिवळसर आहेत, ते तसेच राहणार."

"पिवळंच ऱ्हानार?" मालक म्हणाले. "आन उद्याच्याला?"

"उद्या कसं होईल? एवढ्यात तर हिरड्याही दुखतील."

मालक माझ्याकडे वळले. "ऊठ."

"आवं, पर तुमचं बी तर असंच खरवडून—"

"माझं येगळं. ऊठ म्हनतो न्हवं!"

मी उठले.

तिथून आम्ही थेट बाजारात आलो. एकजण चादर अंथरून, बाटल्या मांडून बसला होता. त्यानं काडीला कापूस गुंडाळला, बाटलीत बुडवला आणि माझ्या पुढच्या दातांवर घासला. दातांवर फेस आला, जीभ पोळली, डोळ्यांतून धारा लागल्या. बघायला माणसं गोळा झाली. काळं गेलं, हे खरं. दात खडूसारखे पांढरे झाले.

"आता कसं!" मालक खूश होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याकडे त्या तिघी बोलायला लागल्या आणि मी बघतच राहिले. तिघींचेही दात मिसरीनं काळे! वर फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालण्याआधी सगळ्यांना म्हणाला, "तोंडं मिटून घ्या. दात दिसता कामा नयेत."

त्या फोटोत आठ माणसं आहेत आणि दात एकाचाही दिसत नाही.

त्या दिवसापासून गार पाण्याचा घोट घेतला की कळ मस्तकात जायची. वर्षभरानं मी भावाला सोबत घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेले. बाटलीत तेजाब होतं, ते म्हणाले. त्यानं डाग खाल्ला आणि दाताचं वरचं कवचही खाल्लं. हिरडीखालची घाण जिथल्या तिथंच होती. हळूहळू पुढच्या सहा दातांचे तुकडे पडले. मी तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हते.

मालकांचे दात अजून शाबूत आहेत, पिवळे आणि पक्के. उसाच्या दिवसांत ते अंगणात बसून कांडं दातानं सोलतात आणि मायेनं विचारतात, "तुला रस काढून आनू का?" त्या मायेनं माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

परवा पाहुणे आले तेव्हा त्यांची पुन्हा तीच गोष्ट सुरू झाली. डाक्तर म्हनला, रंगाला काय करायचंय गड्या, घान निघाली म्हंजी झालं. मी कुस्करलेल्या भाकरीची ताटली खाली ठेवली आणि पाहुण्यांदेखत विचारलं, "मग त्या खुर्चीतनं मला का उठवलंसा?"

पाहुणे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मालकांनी हातातलं उसाचं कांडं खाली ठेवलं. उत्तर मी अजून मागते आहे.