टिकल्या घेऊन फिरणारे काका

"ती पोरगी खोटं बोलायची न्हाय. तिला मुळात बोलायलाच लई कष्ट पडतात."

हे वाक्य मी जीपच्या मागच्या सीटवर बसून ऐकलं. बाहेर बाभळीच्या सावलीत कंपाउंडरकाका आमच्या ड्रायव्हरला माझ्याबद्दल सांगत होते, आणि आपण अगदी हळू बोलतोय अशी त्यांची खात्री होती. कंपाउंडरकाकांइतका मोठा आवाज अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नसेल. ते बेंबळीत कुजबुजले तर धाराशिवच्या स्टँडवर माणसं मागं वळून बघतील. ड्रायव्हर हसला. मी मांडीवरच्या फॉर्मच्या गठ्ठ्यात मान खाली घातली. लाजून नव्हे. पंधरा दिवसांपूर्वी असाच एक गठ्ठा प्रयोगशाळेत गेला होता, त्यात एक फॉर्म माझा होता आणि त्यावर मी धडधडीत खोटं लिहिलं होतं.

आमचं काम असं होतं. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांचं आणि त्यांच्याच वयाच्या निरोगी माणसांचं रक्त गावोगाव फिरून गोळा करायचं आणि बर्फाच्या पेटीतून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. आपल्या डीएनएवर मिथाइल नावाचे रासायनिक ठिपके बसतात. डीएनएची अक्षरं त्यांच्यामुळे बदलत नाहीत, पण कुठल्या जनुकानं कामाला लागायचं आणि कुठल्या जनुकानं गप्प बसायचं ते बदलू शकतं. आजारी आणि निरोगी माणसांत हे ठिपके वेगळ्या ठिकाणी असतात का, हे प्रयोगशाळेला बघायचं होतं. निरोगी माणसासाठी अट एकच होती : सख्ख्या नात्यात कुणाला हा आजार नको. लग्नाच्या वयाच्या मुली काही मिळेनात, कारण आमच्या जीपपाशी मुलगी दिसली की गावात चर्चा सुरू होई. म्हणून आमचं काम बघणाऱ्या सरांनी मला विचारलं, आणि मी दंड पुढे केला. 'सख्ख्या नात्यात मानसिक आजार' या ओळीसमोर 'नाही'च्या चौकोनात मी व्यवस्थित खूण केली.

माझा सख्खा मोठा भाऊ उमरग्याला, आमच्याच घरी असतो. सात वर्षं झाली. सोलापूरच्या डॉक्टरांची औषधं चालू आहेत. बाहेरच्या जगासाठी मात्र तो पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. दर वर्षी त्याचा निकाल आई ठरवते. एकदा तो दोन मार्कांनी हुकला, एकदा पेपरफुटीमुळे परीक्षाच पुढे गेली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचला. त्या वर्षी आई जरा वाहवत गेली. मग नातेवाईक अभिनंदनाला आले आणि आतल्या खोलीतला त्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून आम्हाला टीव्हीचा आवाज वाढवून बसावं लागलं. आमचा ड्रायव्हर उमरग्याचा होता. गावाचं नाव सांगितल्यावर त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचे भाऊ पुण्याला असतात ते का?" मी हो म्हणाले. तेवढं मला पटकन बोलता आलं.

काका म्हणजे उमरग्याच्या एका जुन्या दवाखान्यात तीस-एक वर्षं कंपाउंडर असलेले गृहस्थ. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, पण काकांचा हात काही बंद होईना. माणूस भेटला की ते आधी त्याच्या कोपराच्या खळगीकडे बघत आणि मग तोंडाकडे. "काय शीर हाय पाव्हणं तुमची! वाया चाललीय," असं त्यांनी एसटीच्या कंडक्टरला तिकीट घेताना म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे, आणि त्या वेळी मी खिडकीबाहेर बघत त्यांच्याबरोबर नसल्यासारखी बसले होते. रक्त घ्यायची त्यांची पद्धत कुठल्याही पुस्तकात नव्हती. सुई हातात घेतली की ते घरातल्या सगळ्यांना एकदम विचारत, "या घरात आमटी झणझणीत कोण करतं? सासू का सून?" आणि घर पेटे. सासरे एक बोलत, नवरा गप्प राहून दोन्हीकडून मार खाई, आणि या गदारोळात काकांच्या दोन नळ्या भरलेल्या असत. "झालं का?" असं देणारा दचकून विचारी. काका म्हणत, "रक्ताचं झालं. आमटीचं चालू द्या."

बर्फाची पेटी ते मांडीवर घेऊन बसत. रस्त्यात खड्डा आला की जीपच्या आधी काका ओरडत, "हळू रे! लोकांचं रक्त हाय, उसाचा रस न्हाय!" एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "काका, पेटीला दृष्टीचं काजळ लावा आता." दुसऱ्या दिवशी पेटीच्या कोपऱ्यावर खरोखरच काळा ठिपका होता. सरांना मी मार्करची शाई लागली असं सांगितलं.

पण मला सर्वांत जास्त लाज वाटायची ती त्यांच्या टिकल्यांची. समजावून सांगण्यासाठी आम्हाला छापील पत्रक दिलेलं होतं. काकांनी ते एकदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बाजारातून लाल टिकल्यांची पाकिटं आणली. मग ज्या घरी जाऊ त्या घरी ते भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान मागून घेत आणि चार शब्दांवर टिकल्या चिकटवत. "आता वाचा." घरातलं कुणीतरी अडखळत वाचे. "अक्षरं गेली का? न्हाय. हायत तिथंच. पण टिकली बसली, तेवढा शब्द वाचता येईना. आपल्या आत पन असंच पान असतं. वय, तंबाखू, आजार, लई ताण, अशानं टिकल्या हिकडच्या तिकडं व्हतात. त्या मोजायच्यात." इंग्रजी शाळेत शिकलेली मी कोपऱ्यात उभी राहून मनातल्या मनात त्यांना दुरुस्त करत असे. सगळीकडे जनुक गप्पच बसतं असं नाही, आणि आजारामुळे ठिपका की ठिपक्यामुळे आजार तेही अजून ठरलेलं नाही. पण माझी दुरुस्ती कधी ओठांबाहेर आली नाही, आणि पुढच्या माणसाला मात्र काकांचंच समजलेलं असे.

एकदा एका म्हाताऱ्यानं त्यांना पेचात धरलं. "आजार डोक्याचा, अन् रगत दंडाचं कशाला?"

"मग डोकं उघडून देता का?"

"न्हाय बा."

"म्हणून दंड. डोक्यातलं काही रक्तात दिसतं का, तेच तर बघायलेत. दिसंल, न दिसंल."

आणि एका बाईनं, वेड्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलाच्या आईनं, टिकलीवर बोट ठेवून विचारलं होतं, "ही माझ्यामुळं बसली का? त्याच्या वेळंला म्या लई रडायची." त्या दिवशी काकांनी आमटीचा विषय काढला नाही. ते खाली जमिनीवर तिच्या समोर बसले आणि म्हणाले, "आक्का, कुणामुळं बसली ते आजून जगात कुणालाच सांगता येत न्हाय. मग तुमीच आधी गुन्हा का कबूल करताव?"

फॉर्मवरचा तो अवघड प्रश्न काका कधी वाचून विचारत नसत. आधी स्वतःचं सांगत, तेही चार घरांना ऐकू जाईल असं. "आमच्या आईला हा आजार व्हता. कडुलिंबाशी बोलायची. लिंब पन ऐकून घ्यायचा, आमीच ऐकत न्हवतो." लोक हसत, आणि हसता हसता कुणीतरी आतल्या खोलीकडे बोट दाखवी. दुसऱ्यांच्या घरातला एक शब्दही त्यांच्या तोंडून पुढच्या घरी गेला नाही. मोठ्यानं ते फक्त स्वतःचं सांगत. मला तेसुद्धा अशोभनीय वाटे. घरातलं असं उंबऱ्याबाहेर आणतात का?

आता काका आमच्याबरोबर नाहीत. गुडघे धरले म्हणून त्यांनी काम सोडलं. जीपमध्ये पेटी सीटवर पट्ट्यानं बांधलेली असते आणि खड्डे नुसतेच येतात. आमचे आकडे पूर्वीपेक्षा शिस्तीत असतात, आणि घरं पूर्वीपेक्षा लवकर 'नाही' म्हणतात. मला मात्र त्यांच्याबरोबरचा एक दिवस विसरवत नाही.

बेंबळीच्या पुढच्या एका वाडीवर आम्ही गेलो होतो. त्या घरातला मोठा मुलगा आजारी होता आणि त्याची बहीण माझ्याच वयाची होती. आई दारातच आडवी आली. "पोरीला बघायला येनार हायत ऐतवारी. तुमची गाडी हलवा आधी." काकांनी कॅलेंडर मागितलं, मिळालं नाही. शेवटी ते तिला म्हणाले, "बरं, रक्त राहू द्या. आमची म्याडम जरा लेकीशी बोलंल. तिचं ऐकून तर घ्या."

मी आत गेले. मुलगी पाटीत शेंगा फोडत होती. मी पत्रकातलं पाठ केलेलं सांगितलं, गुप्तता, संमती, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, तुमच्या घरात हाय का कुणी असं?"

ती मला अडकवायला विचारत नव्हती. तिला सोबत हवी होती, एवढं माझ्यासारखीलाही कळलं. शेंगा फोडायच्या थांबवून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"नाही," मी म्हणाले.

"मग तुमाला काय सांगायचं," असं म्हणून ती पुन्हा शेंगा फोडू लागली. मी वळले, तर दारात काका उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी फक्त माझ्या हातातला फॉर्मचा गठ्ठा घेतला आणि आईला म्हणाले, "येतो आक्का. ऐतवारचं चांगलं होऊ द्या."

जीप डांबरी रस्त्याला लागली. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता. मी मनात हिशेब करत होते. आधी गेलेल्या फॉर्मवर दुरुस्ती करायची तर रक्त घेणाऱ्याची सही लागते, म्हणजे काकांना सांगावं लागणार. काकांना सांगितलं की त्यांच्या आवाजानं ड्रायव्हरला कळणार, आणि संध्याकाळपर्यंत उमरग्यात आईच्या सगळ्या निकालांचा निकाल लागणार. नाही सांगितलं, तर निरोगी घरांच्या रकान्यात माझं रक्त खोटं बोलत राहणार.

मग काका बोलले. इतक्या हळू, की त्यांचाच आवाज आहे हे मला आधी कळलं नाही.

"आमची आई व्हती तवा म्या समद्यांना सांगायचो, आई माहेरी गेलीय. बारा वर्षं. बारा वर्षं कोण माहेरी राहतंय गं? लोक पन 'व्हय का' म्हणायचे. ती आतून ऐकायची. आता बोंबलून सांगतो म्या गावोगाव. तिला कुठं ऐकू जातंय."

ते खिडकीबाहेर बघत होते. पेटी मांडीवर होती आणि रस्त्यात खड्डा येऊन गेला तरी ते ओरडले नाहीत. ड्रायव्हरनं आपणहून वेग कमी केला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी इतक्या मोठ्यानं बोलले, की पुढच्या सीटपर्यंत प्रत्येक शब्द नीट पोचला.

"काका, माझ्या फॉर्मवर दुरुस्तीची सही करा. माझा भाऊ पुण्यात नाही, तो घरीच आहे. त्याला हाच आजार आहे. आणि गाडी मागे घ्यायला सांगा, त्या मुलीला मी खोटं सांगून आले."